कोनशिलेवरची बाई आणि वॉर्डातली मावशी

मागल्या महिन्यात अभ्यासमंडळात मी लंडनच्या एका बायकांच्या हॉस्पिटलची हकीकत सांगायला घेतली. पाच मिनिटं झाली नसतील, एक गडी मधेच उठला. म्हणाला, ‘गोऱ्या मडमांच्या दवाखान्याचं आपल्याला काय घेणंदेणं? इथं आपली माणसं गटारात गुदमरून मरतात. बायकांचे सवाल मागाहून बघू.’ चारपाच जण हसले. एकानं त्याला टाळी दिली. मी बोलणं आवरतं घेतलं आणि गुपचूप चहा प्यालो. पण ती टाळी डोक्यातून जाईना. म्हणून आता लिहितो. लिहिलेल्यात मधे उठता येत नाही.

‘मागाहून’ हा शब्द, दोस्तांनो, आपल्याला चांगला ओळखीचा आहे. स्वराज्य आधी, अस्पृश्यता मागाहून. क्रांती आधी, जात मागाहून. हे आपल्या बापजाद्यांना ऐकवणारे कोण होते त्यांची नावं आपण तोंडपाठ केलीत. आणि आता तोच शब्द आपण आपल्या आयाबहिणींच्या तोंडावर मारायचा? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण हे सांगताना स्त्रियांना नाव घेऊन मोजलंय. जाहीरनामा भिंतीला आणि घरात ‘मागाहून’, ही काय भानगड आहे? बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतिणीच्या रजेच्या बिलासाठी बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. चवदार तळ्याचा दावा तेव्हा कोर्टात लोंबकळत होता. तळ्याचा निकाल लागू दे, मग बाळंतिणीचं बघू, असं ते म्हणाले नाहीत. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आला तोही त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाकडून. तेव्हा बाईचं शरीर हा आपल्या चळवळीबाहेरचा विषय आहे, असं कुणी सांगत असेल तर त्यानं आधी बाबासाहेब वाचावेत. नुसते मिरवू नयेत.

आता घरचं सांगतो. माझी आई बावीस वर्षं एका बायकांच्या दवाखान्यात आया होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगून काय करायचंय, सगळीकडं तीच तऱ्हा. तिला तिथं कुणी नावानं हाक मारली नाही. ‘मावशी.’ डॉक्टरीणबाई मावशी म्हणायच्या, सिस्टर मावशी म्हणायच्या, पेशंटची सासूसुद्धा मावशी म्हणायची. मावशी, पॉट द्या. मावशी, इथं सांडलंय बघा. मावशी, वार उचला. नातं जोडायला जग किती तयार! आणि चहाच्या टायमाला या मावशीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला. रात्रपाळीला डॉक्टर वर झोपलेल्या असायच्या, बाई कळा देत असायची, आणि दोन-तीनदा तरी मूल आईच्याच हातात आलंय. सकाळी रजिस्टरात सही डॉक्टरणीची. आई त्याबद्दल कधी तक्रारीच्या सुरात बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही, हे कबूल करतो. पोरगं पुस्तकं वाचत होतं ना, क्रांतीची!

आजीचंही तेच. गावात ती सुईण होती. सवर्णांच्या घरी रात्री-अपरात्री मागच्या दारानं बोलावणं यायचं. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, विटाळाचे कपडे तिनं धुवायचे. बाराव्या दिवशी त्याच पोराचं बारसं आणि आजी उंबऱ्याबाहेर. ज्या हातानं पोर जगात आणलं तो हात बारा दिवसांत बाटका झाला. आजीपासून आईपर्यंत फरक एवढाच पडला की पायलीभर ज्वारीच्या जागी पगाराचं पाकीट आलं.

पण ते पाकीट लहान नव्हतं. कायम नोकरी, रजा, फंड, म्हातारपणी पेन्शन. त्या पाकिटावर मी कॉलेजात गेलो. त्यामुळं बायकांच्या सरकारी दवाखान्याला टाळं लागतं, किंवा टाळं न लावता आतून तो पोखरला जातो, तेव्हा दोन बायकांवर एकदम घाव पडतो. एक खाटेवरची, दुसरी खाटेखालचा पॉट उचलणारी. दोघीही बहुतेक करून आपल्याच वस्तीतल्या असतात. पैशावाल्यांच्या बायका तिथं येत नाहीत, त्यांची नर्सिंग होमं वेगळी. एवढं ध्यानात ठेवा आणि मग लंडनची गोष्ट ऐका.

लंडनच्या युस्टन रोडवर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हॉस्पिटल होतं. बायकांसाठी, आणि तपासणाऱ्याही बायकाच. १९४८ पासून ते सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत होतं, म्हणजे उपचार फुकट. आसपासच्या कामकरी बायका यायच्या, आणि आशियातून तिकडं गेलेल्या बायकाही, ज्यांना पुरुष डॉक्टरपुढं अंग उघडं करायचं म्हणजे मरण. १९७६ साली इंग्लंडचा खजिना खडखडाट झाला. मजूर पक्षाच्या सरकारनं, हो, मजूर पक्षाच्याच, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढं हात पसरले. ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज. सावकार कर्ज देतो तेव्हा काटकसर सांगतो, आणि काटकसर नेहमी खालून सुरू होते. हे हॉस्पिटल लहान आहे, जुनं आहे, परवडत नाही, सबब बंद.

दवाखाना मारायची एक रीत आहे. ती लंडनला आणि आपल्याकडं सारखीच. एकदम टाळं लावत नाहीत, लोक ओरडतात. आधी दुरुस्ती थांबवतात. रिकाम्या झालेल्या जागा भरत नाहीत. माणसं नाहीत म्हणून खाटा कमी करतात. मग एक साहेब फाइल घेऊन येतो आणि म्हणतो, बघा, पेशंटच येत नाहीत, आकडेच सांगतात. आईच्या दवाखान्यात लिफ्ट बंद पडली ती दोन वर्षं बंदच. पोटुशी बाई तीन जिने चढायची, आणि स्ट्रेचर उचलायला मावशा. त्या काळातही रिपोर्टात प्रतिसाद कमी असंच लिहिलं असणार.

युस्टन रोडच्या बायकांनी काय केलं? संप केला नाही. इथं डोकं लावा. संप केला असता तर सरकारला हवं तेच झालं असतं. काम बंद, पेशंट दुसरीकडं, टाळं आपोआप. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांनी हॉस्पिटल ताब्यात घेतलं आणि काम चालू ठेवलं. त्याला तिकडं ‘वर्क-इन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलात असं करण्याची सुरुवात इथून झाली असं मानतात. जोवर खाटेवर पेशंट आहे तोवर सरकार त्या पेशंटला जबाबदार. दिवे तोडता येत नाहीत, जेवण थांबवता येत नाही, पगार रोखता येत नाही. खाटेवरची आजारी बाई हाच त्यांचा किल्ला होता.

या किल्ल्याच्या दोन किल्ल्या होत्या, आणि आपल्या लोकांनी नीट बघायचं ते हेच. एक किल्ली डॉक्टर बायकांकडं. डॉक्टरच्या सहीशिवाय पेशंट भरती होत नाही. तिथल्या डॉक्टर स्त्रियांनी सही करणं थांबवलं नाही, वरून बंद म्हणत असताना त्या पेशंट घेत राहिल्या. दुसरी किल्ली नर्सांकडं, स्वयंपाकघरातल्या आणि झाडलोटीच्या कामगारांकडं आणि त्यांच्या युनियनांकडं. त्यांनी वॉर्ड चालता ठेवला आणि दारावर पहारा दिला. नुसत्या डॉक्टरणी असत्या तर दोन सभा, एक निवेदन, चार सह्या, चहा-बिस्किटं. नुसते कामगार असते तर साहेबांनी पेशंट हलवून आठ दिवसांत वॉर्ड रिकामे केले असते. बाहेर स्त्री-चळवळीतल्या पोरी मोर्चे काढत होत्या, पत्रकं वाटत होत्या. आतली सही, आतला झाडू आणि बाहेरचा मोर्चा असं तिहेरी ते जमलं.

त्याच सुमाराला, ऑगस्ट १९७६ पासून, लंडनच्याच दुसऱ्या टोकाला ग्रनविक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात साड्या नेसलेल्या गुजराती बायका गेटवर उभ्या होत्या. पुढारीण जयाबेन देसाई. तो संप जवळजवळ दोन वर्षं चालला आणि हरला. हे एवढ्यासाठी सांगतो की ‘गोऱ्या मडमा’ म्हणून हसणाऱ्यांना त्या शहरात आपल्यासारख्या रंगाच्या बायकाही लढत होत्या हे कळावं.

पेशंट हाच किल्ला, हे सरकारलाही लवकर कळलं. पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लो हॉस्पिटलातही असाच ताबा होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये अधिकारी खाजगी ॲम्ब्युलन्स घेऊन आत घुसले आणि म्हाताऱ्या पेशंटांना खाटांवरून उचलून नेलं. वॉर्डाची मोडतोड केली. पेशंट गेले, किल्ला पडला. युस्टन रोडवर मात्र तसं घडू दिलं नाही. वर्षं गेली, सरकार बदललं, आणि १९७९ मध्ये थॅचरबाईंच्या राजवटीत हॉस्पिटल बंद न करता स्त्रीरोगांपुरतं लहान करून ठेवायचं ठरलं. पूर्ण विजय म्हणता येत नाही. पण टाळं टळलं.

आता याच्या उलट बाजू. दक्षिण लंडनमध्ये क्लॅपहॅमला बायकांचं आणि मुलांचं असंच एक जुनं हॉस्पिटल होतं. १९१२ मध्ये एलिनॉर डेव्हिस-कॉली आणि मॉड चॅडबर्न या दोन सर्जन बायकांनी उभं करायला घेतलेलं. तिथं डॉक्टर सगळ्या स्त्रिया. १९८४ साली ते बंद केलं. बंद झाल्यावर बायकांनी इमारत ताब्यात घेतली, आठ-नऊ महिने धरून ठेवली. हिंमत कमी नव्हती. पण खाटा रिकाम्या होत्या. रिकाम्या इमारतीला सरकार घाबरत नाही. मार्च १९८५ मध्ये त्यांना बाहेर काढलं. पुढं त्या दर्शनी भिंतीमागं टेस्कोचं दुकान आलं. जिथं बाई बाळंत व्हायची तिथं भाजी आणि ब्रेड. बघा, दगड वाचला. वारसा म्हणून कमानीचा फोटो काढणारे तेवढ्यावर खूष होतात.

इथं आपल्याकडच्या सुशिक्षित बाया म्हणतील, अहो पण त्या थोर संस्थापिका! त्यांचं सांगा ना! सांगतो. पुरतं सांगतो. तुम्ही सांगता तसं अर्धं नाही.

एलिझाबेथ गॅरेट ही श्रीमंत व्यापाऱ्याची पोरगी. बाईला डॉक्टरकी शिकवायला कुणी तयार नव्हतं. ‘अपोथेकरीज’ नावाच्या औषधवाल्यांच्या जुन्या मंडळाच्या नियमात बाई चालणार नाही असं लिहायचं राहून गेलं होतं. त्या फटीतून शिरून तिनं १८६५ मध्ये परवाना काढला. लगेच मंडळानं नियम बदलला आणि फट बुजवली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनमध्ये ती १८७३ ला शिरली, आणि मग त्यांनीही दार लावलं. एकोणीस वर्षं तिथं ती एकटी बाई. आपल्यातला एखादा आत शिरला की मागून दार कसं लागतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १८६६ मध्ये तिनं गरीब बायकांसाठी दवाखाना काढला, १८७२ मध्ये तिथं दहा खाटा टाकल्या, १८९० मध्ये युस्टन रोडची इमारत झाली. ती गेल्यावर हॉस्पिटलला तिचं नाव दिलं.

आणि एडिंबराच्या पोरी! १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींनी तिथल्या विद्यापीठात मेडिकलला नाव घातलं. त्यात एडिथ पीची नावाची मुलगी होती. रसायनशास्त्रात तिनं जे मार्क काढले त्यावर होप स्कॉलरशिप तिची होती. प्रोफेसरानं ती तिच्याखालच्या पुरुषाला दिली. १८ नोव्हेंबर १८७० ला या पोरी शरीरशास्त्राच्या परीक्षेला गेल्या तर गेटवर दोनेकशे जणांचा जमाव. चिखलफेक, शिव्या, दार तोंडावर बंद. कशाबशा आत गेल्या तर या उच्चकुलीन भावी डॉक्टरांनी परीक्षेच्या हॉलमध्ये एक मेंढरू सोडलं!

मेंढरू सोडणारे हेच पुढं गुणवत्तेच्या गप्पा मारणारे. १९८१ साली अहमदाबादच्या मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर जागांवरच्या आरक्षणाविरुद्ध दंगल पेटली, आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाही तोंडात शब्द तोच, मेरिट. मार्क पीचीला जास्त होते तेव्हा मार्क नको झाले. आपले कमी दिसले की मार्कच सर्वस्व. मेरिट म्हणजे काय तर कोण आत बसणार हे ज्याच्या हातात आहे तो ठरवील ते. हे दोस्तांनो वादविवादात वापरा, नुसतं शिव्या देऊन भागत नाही.

पण याच एलिझाबेथबाईंची दुसरी गोष्ट कोनशिलेवर लिहीत नाहीत. १८६४ पासून इंग्लंडात संसर्गजन्य रोगांचे कायदे होते. छावण्यांच्या गावांत पोलिसाला संशय आला की बाई वेश्या ठरायची, आणि तिची जबरदस्तीनं तपासणी. रोगी निघाली तर डांबून ठेवायचं. शिपायाची तपासणी नाही! जोसेफिन बटलर या बाईनं त्याविरुद्ध रान उठवलं. डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट त्या कायद्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सार्वजनिक आरोग्य म्हणे. तोच कायदा १८६८ मध्ये हिंदुस्थानात आला, मुंबईतही लागू झाला. गोलपिठ्याच्या आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत कुणाला ओढून नेत असतील ते सांगायला हवं का? म्हणून मी म्हणतो, डॉक्टर बाई आहे एवढ्यावर ती आपली होत नाही. ती खाटेवरच्या बाईच्या बाजूनं की पोलिसाच्या बाजूनं, हे दर वेळी विचारावं लागतं.

आता मुंबई. ही एडिथ पीची डिसेंबर १८८३ मध्ये इथं उतरली. जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८८२ पासून फंड जमवला होता, विलायतेतून डॉक्टर बायका आणायला. पेस्तनजी होरमसजी कामांनी लाखाच्या वर रुपये दिले, आणि अट घातली की हॉस्पिटल डॉक्टर बायकांनीच चालवायचं. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं. तेच आपलं सी.एस.टी.जवळचं कामा. म्हणजे गड्या, मेंढरू बघून आलेली ती पोरगी इथल्या वॉर्डात फिरली. लंडनचं आपल्याला काय म्हणतोस ना?

आणि रखमाबाई. सुतार समाजातली मुलगी. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडं नांदायला नाही म्हणाली. दादाजी भिकाजीनं १८८४ मध्ये दावा लावला. टिळकांच्या पत्रांनी नवऱ्याची बाजू घेतली. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. दोन हजार रुपये मोजून १८८८ मध्ये तडजोड झाली. पीचीबाई या सगळ्यात तिच्या पाठीशी होती. पुढच्या साली रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाली. तिथं तेव्हा डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. १८९४ मध्ये पास होऊन परत आली, थोडा काळ कामाला, मग सुरतेला, राजकोटला. पस्तीसेक वर्षं बायकांची बाळंतपणं केली. पुण्यात आनंदीबाई जोशींचा जेवढा गजर होतो त्याच्या चौथाईनंही हिचा होत नाही. आनंदीबाईंचा दोष नाही त्यात. बिचारी बाविशीच्या आत गेली. गजर करणाऱ्यांची आवड कोणती हा प्रश्न आहे.

सावित्रीमाईंची आठवण इथं यायलाच हवी. १८९७ च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर टाकून मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात नेलं, आणि त्याच रोगानं त्या गेल्या. पदवी नव्हती. पोर उचललं. बघायचं ते हे की डॉक्टरकीचा कागद आणि उचलणारे हात यांच्यामध्ये किती अंतर पडलंय.

ते अंतर आजही मोजता येतं. मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीनं मुंबईत आत्महत्या केली. जळगावकडची, तडवी भिल्ल. बाळंतपणाच्याच शाखेत शिकत होती. जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला तो तिच्या वरच्या तीन डॉक्टर मुलींवर. अटक झाली, खटला कोर्टात गेला. निकाल कोर्ट देईल. पण आपण विचारायचं ते विचारू. लेबर वॉर्ड, सगळ्या बायका, आणि तरी? बायकांनी चालवलेलं हॉस्पिटल म्हणजे आपोआप माहेर, हे स्वप्न ज्यांना परवडतं त्यांनी बघावं. आईच्या कपाचा कान तोडला तो कुठल्या पुरुषानं नव्हे.

म्हणून काय, बायकांचे दवाखाने बुडाले तर बुडू दे? नाही! इथंच माझं त्या टाळी देणाऱ्याशी भांडण आहे. दवाखाना त्यांचा नाही. कोनशिला त्यांची असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामात अतिरेकी घुसले तेव्हा एका परिचारिकेनं वीस गरोदर बायकांना एका खोलीत कोंडून वाचवलं, आणि मारले गेले ते हॉस्पिटलचे दोन पहारेकरी. संकट आलं की दवाखाना कुणाच्या अंगावर पडतो ते कळलं ना?

आज टाळं लावायची नवी रीत आहे, ठेकेदार. हॉस्पिटलची पाटी तीच, इमारत तीच, आतली मावशी मात्र कंपनीची. आईची जागा भरली नाही. तिथं आता एक पोरगी येते, बिल्ला ठेकेदाराचा, रजा घेतली तर पगार कापला, तोंड उघडलं तर उद्यापासून येऊ नको. आधी लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाईवाल्याच्या वारसाला नोकरी मिळायची. आम्ही तिलाही शिव्या द्यायचो, जातीचा झाडू पिढीजात केला म्हणून. ती शिवी खरीच होती. पण झाडू तसाच ठेवून नोकरी तेवढी काढून घेतली, याला काय म्हणायचं? आणि ठेक्यात आरक्षण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नऊ खाजगी कंपन्यांकडून माणसं घ्यायचा जी.आर. काढला. आरडाओरड झाली, ऑक्टोबरमध्ये मागं घेतला. मागं घेतला म्हणून झोपायचं नाही. वॉर्डावॉर्डांत ठेका चालूच आहे.

डॉक्टर मॅडमांना माझं उघड सांगणं आहे. तुम्ही बायकांच्या जुन्या हॉस्पिटलांसाठी सभा घेता, चांगलं करता, आम्ही येऊ. सतरंज्याही उचलू, आम्हाला सवय आहे. पण व्यासपीठावर मावशी बसली पाहिजे. मागण्यांच्या कागदावर पहिली मागणी डॉक्टरांच्या हॉस्टेलची असेल आणि ठेक्याची शेवटून दुसरी, तर तो कागद आमच्याकडं आणू नका. युस्टन रोडच्या डॉक्टरणींनी झाडूवालीच्या युनियनशी हात मिळवला म्हणून त्यांचं हॉस्पिटल राहिलं. पुढं ती इमारत हॉस्पिटलनं सोडली. आणि कुणाकडं गेली माहीत आहे? युनिसन या युनियनकडं. १९९३ मध्ये तीन युनियना एक होऊन ती झाली, आणि त्यातल्या दोन हॉस्पिटलांतल्या नर्सा-कामगारांच्या होत्या. २०११ मध्ये तिथं त्यांचं मुख्य कार्यालय उघडलं. आत एलिझाबेथबाईंची आठवणही जपून ठेवलीय. झाडूवाल्यांच्या घरात!

आणि तू, मधे उठलेल्या गड्या. तुझी आत्या एका हॉस्पिटलात ठेकेदाराकडं आहे, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तू बोलला नाहीस. तिला किती हातात मिळतं, बिल्ल्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे, फंड कापतात पण भरतात का, हातमोजे देतात का, एवढं तिला विचार. पगाराची पावती मिळत असेल तर घेऊन यायला सांग. पुढली बैठक रविवारी आहे. तिची पाळी दोनला सुटते, म्हणून आपण चारची वेळ ठेवलीय.